चेचलेल्या स्ट्रॉबेरीचा एक कप

हॅलो?… हॅलो, कोण बोलतंय?… अगं जरा जोरात बोल, इथे फळं धुण्याचं यंत्र चालू आहे, कानात नुसती घरघर… मने, तू होय! बोल बोल. नाही गं, कामावरच आहे, पण बोल. एका हातात सुरी, दुसऱ्या हातात अननस आणि तू खांद्यावर. याची मुंडी उडवते आणि ऐकते… हं. उडाली. बोल आता.

काय?… कप? कशाचा कप?

हां हां, स्ट्रॉबेरी. आठ कप. बरं मग?… वजन किती भरेल? अगं, हे तू मला विचारतेस? घरात तुझा नवरा, आमचा सोन्या असताना? त्याने स्वयंपाकघराच्या भिंतीवर एवढा मोठा तक्ता चिकटवलाय ना, किती कप म्हणजे किती ग्रॅम? लहानपणी पण असाच होता. दूध प्यायचा तरी पेल्यावर बोट ठेवून, ताई इथपर्यंत, वर नको, खाली नको… तक्ता नको? का नको?… बरं बाई, नको तर नको. चिडतेस कशाला.

आधी सांग, आख्ख्या आहेत की चिरलेल्या?

अगं ‘त्याने काय होतं’ काय विचारतेस, सगळा फरक तिथेच आहे! आख्खी स्ट्रॉबेरी कपात टाकलीस की मधे मधे फटी राहतात. तिसरा हिस्सा हवाच असते. चिरलीस की जरा नीट बसते. आणि चेचलीस की फटी बुजल्याच, सगळं फळच फळ. म्हणून आख्ख्यांचा एक कप भरतो दीडशे ग्रॅमच्या आसपास, चिरलेल्यांचा थोडा जास्त, आणि चेचलेल्यांचा दोनशे तीस. कळलं?… हो, कप तोच. वजन वेगळं… तुझ्या चेचलेल्या आहेत? आठ कप? मग झालं की, एक किलो आठशेच्या वर गेलीस तू. तुमच्या जॅमला फळाइतकीच साखर लागते ना? म्हणजे किलोच्या दोन पुड्या फोड, दुसरीतली थोडी मागे ठेव.

मने?… हॅलो?… आवाज असा का येतोय तुझा? सर्दी झालीय?… बरं.

काल कशी मोजली होतीस मग?… तक्त्यावरून. एक कप म्हणजे दीडशे… चेचलेल्याला? चेचलेल्यालासुद्धा दीडशेच धरलेस? अगं बाई! मग साखर तिसऱ्या हिश्श्याने कमी पडली असेल की! घट्ट कसा होईल तो, सरबत झालं असेल सरबत!… हो, हसू नको तर काय करू? पण तुझी चूक नाही गं ही. सोन्याने तक्त्यावर नुसतं ‘स्ट्रॉबेरी, दीडशे’ एवढंच लिहिलंय? आख्खी, चेचलेली काहीच नाही?… मग त्याचीच चूक आहे, सरळ सांग त्याला. म्हणावं, ताई म्हणाली, तुझा तक्ता काढून भट्टीत घाल…

का नको?

बरं, नाही सांगत. मी पण नाही सांगत. पण एक कळत नाही मला, तू कपाच्या मागे का लागलीस? वजनकाटा आहे ना घरात? मीच दिला होता की, इथे कारखान्यात नवीन काटे आले तेव्हा जुना मागून घेतला होता, लोखंडाचा, पितळी पारड्याचा. ठेव फळं त्यात आणि… फुटला?

तो कसा फुटेल? अगं रणगाडा आहे तो. दोन हातांनी उचलावा लागतो… पडला? ओट्यावरून? मने, तो ओट्यावरून पडला तर फरशी फुटेल, काटा नाही फुटायचा. कुठून पडला?… अगं सांग ना. कुठून पडला?

… … …

कुणी फेकला?

नाही, थांब. थांब जरा. तो चिडतो, मला माहीत आहे. आदळआपट करतो. लहान असल्यापासून करतो, पाटी फोडायचा, ताट भिरकवायचा, पण माणसावर… भिंतीवर फेकला असेल गं. तू नेमकी मधे आली असशील. त्याच्या डोक्यात राग गेला की त्याला दिसत नाही समोर कोण… नाही, मी त्याची बाजू घेत नाहीये. घेत नाहीये म्हणतेय ना! मी फक्त विचारतेय. मी हाताने भरवलंय त्याला, म्हणून विचारतेय, तुला लागलं का. एवढंच सांग.

कुठे?

डोळ्याला तर नाही ना?… भुवईच्या वर. टाके?… का नाही गेलीस? अगं दवाखाना किती लांब आहे!… जाऊ नाही दिलं म्हणजे काय?

आणि हे फेकायच्या आधी काय झालं? हळू सांग. रडू नकोस, नाही तर रड, पण सांग… जॅम पातळ झाला. बरं. मग… मनगट धरलं. मग?… कुठे?

परत म्हण.

… पातेल्यावर. उकळत्या पातेल्यावर धरला हात. वाफेत. ‘बघ किती पातळ, बघ किती पातळ’ म्हणत… किती वेळ? नाही, राहू दे, नको सांगूस… तू हात ओढलास. ओढणारच की! आणि तू हात ओढलास म्हणून त्याने काटा उचलला.

हो. आहे मी. ऐकतेय. सुरी खाली ठेवली मी… नाही काकू, काही नाही, तुम्ही घ्या ती अननसं तुमच्याकडे. तुम्हीच कापा… आमच्या साखरेचा पाक करणाऱ्या काकू गं, शेजारी उभ्या असतात. त्यांच्याशी बोलले.

मने, मघाशी मी म्हणाले ना, तू मधे आली असशील? ते मी गिळते परत. माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

नालायक! मेल्याचे हात मोडले पाहिजेत. कोपरापासून. मी मोडीन, मी, दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही… नाही, तुला नाही ओरडत. तुला कशाला ओरडू?

काय?… अगं तुला अजून ग्रॅमच हवेत का! मरू देत ते ग्रॅम! आत्ताच्या आत्ता दवाखान्यात… का नाही? काय म्हणाला?… बेकरीवाला संध्याकाळी बरण्या न्यायला येणार. त्याच्या आत जॅम झाला पाहिजे, घट्ट झाला पाहिजे. आणि नाही झाला तर?

नाही झाला तर काय करणार म्हणाला, मने?

… …

पिल्लूचा?

पिल्लूचा हात धरीन म्हणाला? पातेल्यावर? स्वतःच्या पोरीचा?… त्या एवढ्याशा… अगं तिची मूठ माझ्या अंगठ्याएवढी आहे गं…

थांब. मला एक श्वास घेऊ दे.

हं. ऐक आता. नीट ऐक. पातेलं गॅसवर आहे?… बंद कर. बंद कर म्हणतेय ना… केलास? पिल्लू कुठेय?… झोपलीय. उठव. रडली तर रडू दे. तिला उचल आणि इकडे ये… इकडे म्हणजे माझ्याकडे, कारखान्यात! मागच्या गेटला. गेटवरच्या दादाला मी सांगून ठेवते… लोक काय म्हणतील? कोण लोक? लोक गेले खड्ड्यात! लोकांच्या पोरींचे हात नाहीत भाजणार… तुझं सामान राहू दे. कपडे राहू देत. चपलासुद्धा नाही मिळाल्या तर अशीच ये.

पुढचं दार बाहेरून? कुलूप लावून गेलाय?… रोज लावतो?… आणि तू कधी बोलली नाहीस. नाही, आत्ता नको, नंतर बोलू. मागचं दार? त्याला कडीच आहे ना नुसती? मागच्या जिन्याने खाली उतरलीस की ते अंगण, कपडे वाळत घालायची दोरी, आणि भिंतीला लागून गल्ली. गल्ली सरळ आमच्या गेटपाशी निघते. एवढंच. तेवढंच चालायचंय तुला…

अगं जमेल. जमेल गं. पाय चालवायचे, दुसरं काय? मी आहे ना इथे… मी त्याची बहीण आहे म्हणून काय झालं? मी तुझी कोण आहे मग? तू फोन कुणाला केलास? मला केलास ना? आईला नाही केलास, पोलिसांना नाही केलास. मग झालं.

कसला आवाज?

मने, कसला आवाज तो?… किल्ली? आत्ता? इतक्या लवकर?… जिन्यावर की दारात?… ऐक, ऐक, फोन ठेवू नकोस! पळू पण नकोस, मागचं दार उघडेपर्यंत तो आत येईल. ओट्याशी उभी राहा. फोन त्याला दे, म्हणावं ताई आहे, जॅमचं विचारत होते. मी त्याला बोलण्यात गुंतवते. आणि मी ‘फडकं आण’ म्हणाले की तू पिल्लूला घेऊन मागच्या दाराने निघायचं. कळलं? गाळायचं फडकं. मागच्या दोरीवरचं. मी फडकं म्हणाले की निघायचं, मागे बघायचं नाही…

काकू! अहो काकू, ते यंत्र बंद करा! आणि ऑफिसातल्या फोनवरून पोलिसांना फोन लावा. माझ्या भावाचं घर, पत्ता माहीत आहे ना तुम्हाला, त्या बंद पडलेल्या दुकानाच्या वरचा मजला… नाही, नाही, थट्टा नाही काकू! मारतोय तिला! पोरीला पण मारील! जा, पळा!

मने? काय पडलं? मने!… सोन्या! सोन्या, मी बोलतेय! ताई! फोन घे! अरे फोन घे आधी, मारू नकोस ति… सोन्या!

… …

हॅलो? हां. हां सोन्या, मीच. ताई… अरे किती ओरडतोस, कान फुटला माझा… नाही रे, ती काही चुगल्या नव्हती करत. कसल्या चुगल्या? जॅमचं विचारत होती. कप आणि ग्रॅम, कप आणि ग्रॅम, डोकं खाल्लं माझं… हो ना. नाही कळत तिला. साधा हिशोब नाही कळत… हो, बिनडोक. हो. तू म्हणतोस तसंच.

ती रडतेय का? काय पडलं मघाशी?… स्टूल. स्टूल पडलं. आणि ती?… तिला लागलं नाही ना?… नाही, सहज विचारलं.

बरं सोन्या, मला एक सांग. बेकरीवाला किती वाजता येणार?… अरे बाप रे. मग भांडत काय बसलायस? तुझा जॅम मी तुला सांगते, आत्ता, फोनवर. बघ, पहिल्या चमच्याला घट्ट होतो की नाही. तू फोन स्पीकरवर टाक, दोन्ही हात लागतील तुला… तिला कशाला, तिच्या हातून काल वाट लागलीच ना? तू कर. तुझे हात आहेत का नाही? टाकलास स्पीकरवर?… ऐकू येतंय सगळ्यांना? बरं.

मने, अगं रडायचं बंद कर आणि गाळायचं फडकं आण. मलमलीचं. मागच्या दोरीवर वाळतंय म्हणालीस ना? ते आण, नाही तर बिया राहतील. आणि ती पोर काय केकाटतेय, तिला कडेवर घे आणि ने बाहेर, मला काही ऐकू येत नाही इथे!

… काय रे? कशाला नको?… चाळणीने नाही होत, सोन्या, बेकरीवाला बी दिसली की बरणी परत करतो… मग तू जा! जा की खाली, सगळ्या शेजारणी बघू देत, साहेब दोरीवरून फडकी काढतायत. मी काय, मी थांबते फोनवर… हां. मग जाऊ दे तिला. जिना उतरायचा, लगेच येईल.

जा गं. लवकर ये हं.

हं, सोन्या, आता तू. ताज्या स्ट्रॉबेरी आहेत ना टोपलीत? आख्ख्या? त्यातल्या चार कप घे. सपाट भर, शीग नको. तू मोजलेलं मला चालतं, दुसऱ्या कुणाचं नाही… एक… दोन… हो, हलवू नकोस कप, हलवला की फळं खाली बसतात आणि जास्त मावतात… तीन… चार. शाब्बास. तुझ्या तक्त्याप्रमाणे किती झालं वजन? चार दीडशे. सहाशे ग्रॅम. बरोबर आहे, अगदी बरोबर आहे तुझं, आख्ख्यांना ते बरोबर आहे.

आता ती सगळी मोठ्या परातीत ओत. आणि चेच.

हाताने चेच. मिक्सर नको, हातानेच छान होतं… अरे जोर लाव की! एवढा मोठा बाप्या तू… हं. अशी. मूठ आवळ आणि दाब. आवाज येतोय मला, येतोय. अजून चेच. एक पण आख्खी राहता कामा नये. परातीवर आपट, दणादणा आपट, काही होत नाही… आपट रे! राग काढ त्यांच्यावर! हां… हां… असाच. लहानपणी मातीचे गोळे आपटायचास तसा…

काय?… नाही, दाराचा नाही आवाज तो. माझ्याकडचा आहे. काकूंनी शटर ओढलं… तू चेच.

आलं असेल फडकं, नसेल आलं. गाठ मारून वाळत घातलं असेल, सुटत नसेल. तिला साधी गाठ सोडता येते का? ते सोड, तुझ्या हातात काय राहिलंय ते बघ. झाला लगदा? आता तो परत कपाने मोज. त्याच कपाने… एक… दोन… भरतोय तिसरा? किती? अर्ध्याच्या जरा वर. म्हणजे चार कपांचे अडीचच्या थोडे वर झाले. दोन कप आणि साठ टक्के, असं धर तू, तुला टक्के आवडतात.

आता सांग. वजन कमी झालं का? कुठे सांडली का तू? नाही ना. सहाशे ग्रॅम होते, सहाशेच आहेत. मग एका कपात किती बसले? भाग… भाग की! तू हुशार आहेस, मी तुला पाढे शिकवलेत, भाग… किती? दोनशे तीस. बरोब्बर.

मग भिंतीवर दीडशे कुठून आले, सोन्या?

… …

अरे, मी काय विचारतेय? तक्ता कुणी लिहिला? तिने? तिने नाही लिहिला. नुसतं ‘दीडशे’ कुणी लिहिलं? तिने तर तुझंच ऐकलं. तू म्हणालास भिंतीवर बघ, तिने भिंतीवर बघितलं. तू म्हणालास साखर तेवढीच, तिने तेवढीच घातली. जॅम तुझ्या आकड्याने पातळ झाला…

तिने विचारायला हवं होतं? विचारलं असतं तर काय केलं असतंस तू? बोल! पातेल्यावर मनगट आधी धरलं असतंस की नंतर?

… हो. मला माहीत आहे. सगळं माहीत आहे.

सोन्या, हात धुवायला जाऊ नकोस. सोन्या! अरे इथेच थांब, माझं ऐक, अजून साखर राहिलीय… सोन्या, मागे जाऊ नकोस! सोन्या!

काय फुटलं ते?… बरणी?… किती फोडतोयस? थांबव! फोड, फोड, फोड अजून! सगळ्या बरण्या फोड! तुझ्या बरण्या आहेत, तुझी काच आहे, तिच्या अंगावर नाही बसणार ती… हो, गेली! फडकं आणायला नाही गेली, गेली ती! मी पाठवली! मी, तुझ्या ताईने! ओरड हवा तेवढा!

काय करशील?… इथे येशील? ये. ये की. गेटवरचा दादा उभा आहे आणि त्याच्या मागे मी उभी आहे, माझ्या हातात अननस कापायची सुरी आहे… काय करशील माझं? मला पण मारशील? मार. ये, मार. तुला ताप आला की रात्रभर मांडीवर घेऊन बसायचे मी, त्याच मांडीवर लाथ मार. पण त्या पोरीच्या हाताला… त्या एवढ्याशा हाताला…

काय म्हणालास? ‘एवढं काही लागलं नाही’?

एवढं म्हणजे केवढं रे? तुझ्यासारख्या माणसाने असं मोघम बोलावं? पेल्यावर बोट ठेवून मोजणारा तू! बायकोला किती मारलं ते तेवढं अंदाजपंचे? किती बोटं खोल? किती वाफ? तक्त्यावर आहे का ते? लिहिलंयस कुठे?

… रडतोस? तू रडतोस? आता रडू नकोस. मला तुझं रडणं ऐकवत नाही, कधीच ऐकवत नव्हतं, म्हणून तर… नाही. नको. रडू नकोस माझ्यापाशी. आज नाही.

हां काकू? … निघाले? पोलिसांची गाडी निघाली म्हणाले? बरं… आणि ती? गल्लीकडे बघा ना काकू, मला इथून या खोक्यांमुळे दिसत नाही काही. दिसतेय का?… कोण? कडेवर पोर आहे? मग तीच! दादा, गेट उघडा! अहो उघडा ना, ओळखपत्र कसलं मागताय तिच्याकडे, मी सांगतेय ना!

सोन्या, थांब. ठेवू नकोस. ऐक तू. तुला ऐकायलाच हवं हे.

ये गं. ये. आलीस ना? आलीस. बस इथे, खोक्यावर बस… अनवाणी आलीस? काच नाही ना टोचली?… काकू, पोरीला घ्या आधी. घ्या, घाबरलीय, तिला ते गोड पाणी द्या थोडं. तिचे हात बघा. दोन्ही हात उघडून बघा… ठीक आहेत? दोन्ही? नीट बघितलेत ना?

मने, मान वर कर. केस बाजूला घेऊ? नाही दुखवत गं, नुसतं बघते…

… … …

सोन्या. मी बघतेय आत्ता. माझ्या डोळ्यांनी बघतेय. खरं सांगू? गल्लीतून ती येईपर्यंत माझ्या मनात कुठेतरी होतं की ती जरा वाढवून सांगत असेल. तुला सांगते, होतं. डाव्या भुवईच्या वर गोल कड उठलीय. पारड्याची कड आहे ती. मला ओळखू येणार नाही का? माझ्याच हाताखालचा काटा तो, घासूनपुसून मीच तुला दिला होता. आणि आत्ता परत फुटलीय जखम, ओली आहे. स्टूल पडलं म्हणालास ना मघाशी?

आणि मनगट. मनगटाला तुझी पाच बोटं आहेत, सोन्या. वर फोड, खाली बोटं.

नाही, तिला फोन नाही देणार. ती तुझ्याशी बोलणार नाही… माफी? माफी ज्याला मागायची त्याला मागशील, कोर्टात मागशील, कुठे मागायची तिथे माग. मी तुझी बहीण आहे, ते काही कुठे जात नाही. मी येईन भेटायला. तुला कुठे नेतील तिथे येईन, डबा घेऊन येईन. पण जे बघितलं ते सगळं सांगून मग येईन…

काय गं मने? काय म्हणतेस?… मुठीत काय धरलंयस एवढं घट्ट? उघड बघू. उघड, मी आहे, कुणी ओढून घेत नाही…

अगं वेडे.

अगं खरंच आणलंस? दोरीवरून काढून? जिवाच्या आकांताने पळताना?… मी सांगितलं म्हणून? अगं ते सोंग होतं ना गं… नाही, नाही, चुकलं नाही तुझं काही. काही चुकलं नाही. बरं केलंस. दे इकडे. घडी करते. हं, कपाळाला धर. घट्ट धर, रक्त थांबेल… अशी. अशी बस. डोकं टेक माझ्यावर.

हॅलो, सोन्या?… हो, आहे अजून… कसली बेल? तुझ्या दाराची? मग जा, उघड. बेकरीवाला नाही तो. मी पाठवलंय त्यांना. काचेवरून नीट चाल, पाय कापून घेशील…

आणि फडकं सापडलं तिला. ठेवते.